शुक्रवारी दिवे लागायच्या आत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ठाण्याच्या आमच्या सोसायटीत बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं, घर आमचं एकटंच. त्यामुळे नव्याचा सण, म्हणजे आमचं नववर्ष रोश हशाना, जवळ आला की जिन्यात कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्यात सणाला जेवणाचं टेबल सजवतात ना, ते कसं?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चांदीचे उंच स्टँड, घड्या घातलेले नॅपकिन आणि मधोमध फुलांचा ढीग असतो. माझ्या माहेरी टेबलच नव्हतं. चटईवर पांढरी चादर अंथरायची, झालं.

आम्ही टेबल सजवतो असं म्हणत नाही, मांडतो म्हणतो. ज्या वस्तूवर आशीर्वाद म्हणायचा ती आधी मांडायची. मग जागा उरली तर फुलदाणी.

दर शुक्रवारच्या शब्बाथचंच घ्या, म्हणजे शुक्रवारी दिवे लागल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतचा, कामं बंद ठेवायचा आमचा विश्रांतीचा दिवस. दोन दिवे, किदूशचा, म्हणजे दिवसाच्या आशीर्वादाचा पेला आणि कापडाखाली झाकलेल्या दोन पोळ्या. इतर ठिकाणचे यहुदी वेणीसारखा गुंफलेला पाव ठेवतात. आमच्या आजीच्या काळी तो मिळायचा कुठे? तिने आयुष्यभर चपात्यांवरच हामोत्सी, म्हणजे भाकरीचा आशीर्वाद म्हटला. दोन का, तर रानात भटकणाऱ्या आमच्या पूर्वजांना शुक्रवारी मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, दुप्पट मिळायचा. आणि झाकायच्या का, तर आशीर्वाद आधी पेल्यावर होतो, तेवढ्यात भाकरीला वाईट वाटू नये! पेल्यात द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुकांचं सरबत. मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या. पेला काठोकाठ भरतात, म्हणून खाली बशी हवीच. मनुकेचा डाग पांढऱ्या कापडावरून सहजी जात नाही, हे मी अनुभवाने सांगते.

दिव्यांची जागा मात्र विचार करून ठरवायची. लग्नानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मी दोन्ही दिवे हौसेनं टेबलाच्या बरोब्बर मधोमध ठेवले, भोवती शेवंती रचली. दिवे लागले आणि सासूबाई म्हणाल्या, "आता उद्या तारे दिसेपर्यंत ते तिथेच गं." एकदा लागले की शब्बाथ सरेपर्यंत हलवायचे नाहीत, हे मला माहीत होतं. फक्त माशाच्या कालवणाचं पातेलं कुठे ठेवायचं, हे सुचलं नव्हतं. सगळी रात्र वाट्या हातोहात फिरल्या. तेव्हापासून दिवे भिंतीलगतच्या कपाटावर असतात.

खरी शोभा नव्याच्या सणाला. कापड पांढरंच, पण त्यावर सफरचंदाच्या फोडी आणि मध, फोडलेलं डाळिंब, खजूर, उकडलेला लाल भोपळा, चवळी आणि माशाचं डोकं. आम्ही रावसाचं आणतो. "शेपूट नको, डोकं होऊ दे" अशी प्रार्थना असते. बाकीच्या जिनसा हिब्रू शब्दांवरच्या कोट्या आहेत. भोपळ्याला म्हणतात करा, आणि फाडण्याच्या क्रियापदाचा उच्चार तसाच, म्हणून "आमच्यावरचा वाईट निवाडा फाटू दे". खजूर म्हणजे तामार, त्यावरून "वैरी संपोत". चवळी म्हणजे रूबिया, त्यावरून "पुण्यं वाढोत". दरवर्षी डाळिंबाचे दाणे मोजायचा पोरांचा हट्ट असतो, कारण आमच्या धर्मग्रंथातल्या आज्ञा 613 आणि दाणेही तितकेच असं ऐकलेलं. अजून एकदाही जमलेलं नाही. शेवटी गुलाबी चिकाचा हलवा: गव्हाचा चीक, साखर आणि नारळाचं दूध. नारळाचंच, कारण जेवणात मटण असलं तर म्हशीचं दूध त्या टेबलावर येत नाही; मांस आणि दूध एकत्र आम्हाला चालत नाही.

पेसाहची, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटका झाल्याच्या सणाची रात्र मोठी. त्यासाठी माळ्यावरून वेगळी भांडीच उतरतात. खमिराला शिवलेलं एक ताटही चालत नाही. मधल्या थाळीत भाजलेलं हाड, भाजलेलं अंडं, कडू पाला, कोथिंबीर, खजूर उकळून आटवलेला पाक. शेजारी मिठाचं पाणी आणि कापडाखाली तीन मात्सा, म्हणजे बिनखमिराच्या पोळ्या. खुर्च्यांवर डाव्या अंगाला उशा, कारण त्या रात्री स्वतंत्र माणसासारखं रेलून जेवायचं. उशांचे अभ्रे एकाला एक जुळत नाहीत आणि मला ते जुळवायचेही नाहीत. एक पेला एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचा, त्याला कुणी हात लावत नाही. जगभरच्या यहुद्यांकडे तो ठेवतात, पण आमच्याकडे त्याचं येणं जरा घरगुती. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं आमचे लोक मानतात. नवस फिटला की त्याच्याच नावाने मलिदा करतात, म्हणजे गोड पोहे, खोबरं, वर फळं आणि फुलं. तुम्हाला सजावटच बघायची असेल तर मलिद्याचं ताट बघा. पोह्यांवर केळी, सफरचंद, खजूर लावताना माझ्या नणंदा अर्धा तास भांडतात.

तर येत्या शुक्रवारी या जेवायला. पेढे आणू नका, मटण आहे. फुलं चालतील, पण दिवे लागायच्या आत आणा; नंतर मला ती फुलदाणीत रचता यायची नाहीत.