५७व्या वर्षी पहिली रेटिंग टुर्नामेंट

२०२५ च्या जुलैत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला तेव्हा अख्खं शहर तिच्याबद्दल बोलत होतं आणि बोलायलाच पाहिजे, पंधरावं सीडिंग, एकही जीएम नॉर्म (ग्रँडमास्टर होण्यासाठी स्पर्धांत करावी लागणारी कामगिरी) नाही आणि पोरगी थेट ग्रँडमास्टर होऊन आली. पण मी समोरच्या खुर्चीकडे पण बघत होते. तिथे ३८ वर्षांची कोनेरू हंपी होती, एका मुलीची आई, आणि तिने फायनल टायब्रेकपर्यंत (बरोबरीनंतरच्या जलद डावांपर्यंत) नेली. तेव्हाच ठरवलं, आपणही रेटिंग टुर्नामेंट खेळायची, म्हणजे जिथे निकालांवरून आपल्या ताकदीचा आकडा, रेटिंग, ठरतो. कॉलेजनंतर माझा चेस घरात नि मोबाइलवरच होता.

फॉर्मचं काही कठीण नाही. फेडरेशनच्या साइटवर रजिस्ट्रेशन, फी, फिडेचा (जागतिक बुद्धिबळ संघटनेचा) आयडी, मग टुर्नामेंटची एन्ट्री. भाची म्हणाली, "मावशी, सगळी लहान पोरं असतात गं तिथं, हरवतील तुला." म्हटलं हरवू दे नं बाप्पा, हरायला काय वय लागते का!

खरं सांगते, स्विस पद्धत आपल्यासारख्यांसाठी फार चांगली आहे. कोणी बाहेरच पडत नाही. पहिल्या राउंडला रेटिंगच्या यादीतला वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो म्हणजे आपल्याला तगडाच माणूस मिळणार, हरलो की पुढच्या वेळी आपल्याइतकेच पॉइंट असलेला समोर येतो आणि असं करता करता आपल्या ताकदीचा माणूस सापडतोच. सगळे राउंड खेळायला मिळतात.

माझा लक्षात राहिलेला डाव एका शाळकरी पोराशी, चांगला रेटेड होता. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती, त्याच्याकडे एक प्यादं जास्त. मी पांढरी. हत्ती माझ्या बाजूने तिसऱ्या ओळीवर आडवा ठेवला म्हणजे त्याचा राजा पुढे येऊच शकत नाही. तो बराच वेळ इकडून तिकडे फिरला, मग प्यादं तिसऱ्या ओळीवर ढकललं, आणि त्याच क्षणी मी हत्ती थेट आठव्या ओळीवर नेला आणि मागून शह, परत शह, परत शह. प्यादं पुढे गेलेलं, त्याच्या राजाला लपायला जागाच नाही. ही फ्रेंच खेळाडू फिलिडोरची अठराव्या शतकातली पद्धत, बाबांनी शिकवलेली. दर चालीला ३० सेकंद वाढून मिळत होते म्हणून शांतपणे नोटेशन (चालींची नोंद) लिहीत खेळता आलं. ड्रॉ झाल्यावर पोरगा म्हणाला, "काकू, अ‍ॅनालिसिस करू या का?" आणि बाहेर बसून त्याने मला ओपनिंगमधलं इतकं काही दाखवलं की मोबाइलवर वर्षभर खेळून कळलं नसतं.

रेटिंगची भीती असेल तर हिशोब बघा. पहिलं रेटिंग यायला रेटेड खेळाडूंशी ५ डाव लागतात आणि पहिल्या स्पर्धेत शून्य आलं तर ते धरतच नाहीत. ज्यांचं रेटिंग जुनं आहे त्यांचा के (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) साधारण २० असतो, म्हणजे २०० ने वरच्या माणसाशी हरलात तर ५ च्या आसपास जातात, ड्रॉ केला तर तेवढेच मिळतात, जिंकलात तर १५. खालच्या माणसाचंच पारडं जड आहे इथे.

आणि जगज्जेतेपदासाठी खेळलेला ग्रँडमास्टर व्हिक्टर कोर्चनॉय २०११ मध्ये ८० व्या वर्षी स्वित्झर्लंडचा चॅम्पियन झाला होता, म्हणून "आता काय वय राहिलं" म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी हेच सांगते.

जाणार असाल तर दोन पेन, पाण्याची बाटली आणि एक शाल न्या, हॉलमध्ये एसी फार असतो. पेअरिंग आदल्या रात्री बघून घ्या आणि फोन बंद करून बाहेरच ठेवा.