आज गार्ड कोण? (आमच्या चालण्याच्या ग्रुपचं एक वर्ष)

मला चालायची आवड वगैरे अजिबात नव्हती, हे आधीच सांगून टाकते. रिपोर्टमध्ये एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची टेस्ट) ६.१ आलं, म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हा उंबरठा), डॉक्टर म्हणाले गोळी आत्ता नको, आधी रोज चालायला लागा, तीन महिन्यांनी परत टेस्ट करू. तीनच महिने का, तर ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे आदल्या आठवड्यात शहाण्यासारखं वागून तिला गंडवता येत नाही. हे मला कळलं कारण मी विचारलं, आणि विचारलं कारण गंडवायचाच विचार होता.

आधी एकटीने चालून बघितलं, चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी अलार्म बंद केला आणि त्यानंतर तो अलार्म मी रोजच बंद करत होते, तोच काय तो व्यायाम. मग शेजारची म्हणाली आपण पाच-सहा जणी मिळून जाऊया, ती पाच-सहाची कुठून कशी अकरा झाली माहीत नाही, पुरुष पण आले, सगळ्यात लहान चौतीसची आणि सगळ्यात मोठे चौऱ्याहत्तरचे आजोबा. फेब्रुवारीची सुरुवात होती, पावणेसहाला कोपऱ्यावर भेटायचं, पाच मिनिटं वाट बघायची आणि निघायचं. पहिल्या दिवशी फोटो काढला. त्या फोटोतले तीन जण परत कधीच दिसले नाहीत, अजून ग्रुपवर मात्र अंगठा दाखवत असतात.

पहिल्या दहा दिवसांतच भांडण लागलं ते स्पीडवरून. बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, ते चालत नाहीत, सुटतात. त्यांच्यामागे दोघं-तिघं, मग मधे आम्ही धापा टाकणारे, आणि पार मागे आजोबा आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक ताई. पुढच्यांचं म्हणणं असं की हळू चालून फायदा काय, मागच्यांचं म्हणणं की मग एकत्र यायचंच कशाला. मी मधली असल्यामुळे दोन्हीकडची गाऱ्हाणी मलाच ऐकू यायची. काकांना त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की ते मध्यम श्रमाचं चालणं, आणि दुसरी खूण म्हणजे बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आता गंमत बघा, ही बोलण्याची खूण लावली तर आजोबांचं त्यांच्या स्पीडला मध्यम श्रम होतातच की, ते तर दोन वाक्यांनंतर थांबायचे. म्हणजे एकच रस्ता, एकच वेळ, पण प्रत्येकाचं ‘भरभर’ वेगळं. हे आम्हाला कळलं, पटलं मात्र नाही, कारण काका सुटायचे ते सुटायचेच.

मग मार्चमध्ये तो प्रकार झाला. आम्ही सगळे परत कोपऱ्यावर आलो, स्ट्रेचिंग केलं, गप्पा झाल्या, पांगलो. मी घरी पोचून चप्पल काढतेय तर आजोबांच्या सुनेचा फोन, बाबा तुमच्याबरोबर आहेत ना? पोटात गोळाच आला. परत पळत गेलो, तर वळणापलीकडे एका कट्ट्यावर बसलेले, पोटरीत गोळा आला होता (त्यांच्या खरोखरच्या पोटरीत), पाऊल टाकता येत नव्हतं आणि फोन घरी चार्जिंगला. वीस-पंचवीस मिनिटं बसून होते. म्हणाले, मला वाटलं कुणीतरी मागे वळून बघेलच. रागाने नाही म्हणाले, साधंच म्हणाले, पण त्या दिवशी ग्रुपवर एकही गुड मॉर्निंगचं फूल आलं नाही.

त्यातून गार्डची पाळी आली. ट्रेनला कसा शेवटच्या डब्यात गार्ड असतो, तसा रोज एक जण सगळ्यात शेवटी चालणार, त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही, आणि गार्ड कोपऱ्यावर पोचल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. पुढच्यांना आम्ही एक्सप्रेस म्हणतो, त्यांनी ठरलेल्या खांबापर्यंत जाऊन उलटं फिरायचं, मागच्यांना भेटायचं, वाटलं तर परत पुढे सुटायचं. त्यामुळे त्यांची दोन किलोमीटर जास्त होतात आणि तक्रारही मिटली. सुचवलं कुणी, तर काकांनीच. पहिली गार्डची पाळी पण त्यांनीच घेतली आणि त्या दिवशी आजोबांबरोबर चालताना म्हणे त्यांना पहिल्यांदा कळलं की रस्त्याच्या कडेला इतकी झाडं आहेत.

उन्हाळ्यात वेळ सव्वापाच केली, पाणी बरोबर घ्यायचं, बास, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एप्रिलमध्ये टेस्ट केली, ६.०. तेवढ्यासाठी रोज पहाटे उठले म्हणून रडू आलं, डॉक्टर म्हणाले वाढली नाही ना, मग चला पुढे.

पावसाळ्यात ग्रुप जवळजवळ बंद पडला. एक दिवस मी, आजोबा आणि गुडघेवाल्या ताई एवढेच, त्यात गार्ड कोण हा प्रश्नच विनोदी. ओले बूट उन्हात किंवा हीटरपाशी ठेवायचे नाहीत, आतला सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवायचे आणि दर थोड्या वेळाने बोळे बदलायचे, सकाळपर्यंत बऱ्यापैकी कोरडे होतात. सुती मोजे घाम आणि पाणी धरून ठेवतात, फोड त्यानेच येतात, हे आजोबांना सांगून दमलो, ते सुतीच घालतात. सवय लागायला एकवीस दिवस लागतात असं सगळे सांगतात ना, माझ्या भाचीने मला लंडनमधला २००९ चा एक अभ्यास वाचून दाखवला, त्यात लोकांना सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ पर्यंत, आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं! माझे पाच महिने झाले होते आणि अजून अलार्म वाजला की शिवीच यायची, म्हणजे मी २५४ वाली.

ऑगस्टमध्ये मोबाईलवर पावलं मोजायचं खूळ आलं आणि इथे मी माती खाल्ली. रोज दहा हजार, ज्याची कमी त्याचं नाव ग्रुपवर. मी रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालून आकडा पुरा करायचे, घरचे मला वेड लागलं म्हणायचे. पाच हजारावरून दहा, मग बारा, मग एका रविवारी अठरा हजार, तेही दोन वर्षं वापरलेल्या, तळ घासून गुळगुळीत झालेल्या बुटांत. सप्टेंबरात एक दिवस सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि टाचेत खिळा घुसल्यासारखं झालं. दहा पावलं चालल्यावर कमी, दुसऱ्या दिवशी सकाळी परत तसंच. डॉक्टर ऐकताक्षणी म्हणाले, सकाळचं पहिलं पाऊल ना? प्लांटर फॅसायटिस. तळपायाला टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो त्यावर ताण आलाय, एकदम चालणं वाढवलं का? मी खाली बघितलं.

अडीच महिने गेले त्यात. पोटऱ्यांचे ताण द्यायचे, भिंतीला हात टेकून मागची टाच जमिनीला चिकटवून, पलंगावरून उतरायच्या आधी टॉवेलने चवडा स्वतःकडे ओढायचा, बर्फ झालेली पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवायची, घरात पण अनवाणी फिरायचं नाही. नवे बूट घेतले, संध्याकाळी जाऊन घेतले कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि पुढे अंगठाभर जागा ठेवून. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बुटांचा दम जातो म्हणतात, रोजचे चार किलोमीटर धरले तर चार ते सात महिने, मी तर कधी हिशोबच केला नव्हता.

आणि तो दहा हजारांचा आकडा आला कुठून, तर १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव छान वाटलं म्हणूनच ठेवलं असावं म्हणे! २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास आला, त्यात रोज २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि साधारण ७५०० नंतर आणखी फरक दिसत नव्हता. मी हे ग्रुपवर टाकलं तर काकांनी लिहिलं, आधी सांगायचं ना. आधी मला तरी कुठे माहीत होतं! स्पर्धा तिथेच संपली. जागतिक आरोग्य संघटना सुद्धा पावलं सांगत नाही, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते, ते ताकदीचं आमच्यात कुणीच करत नाही, असो.

टाच दुखत होती तेव्हा मी चालायचं बंद केलं नाही, कमी केलं, आणि रोजची गार्ड मीच झाले. त्या काळात एक जण नव्याने यायला लागले होते, त्यांची बायको गेली होती, उन्हाळ्यात. माझ्याबरोबर मागे चालायचे. पहिला आठवडा एक शब्द नाही. मग एक दिवस एकदम बोलायला लागले, हॉस्पिटलचं, रात्रीचं, सगळं, आणि मी फक्त हं हं करत होते. समोरासमोर बसून हे कुणाला सांगता आलं नसतं असं मला वाटतं, शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, दोघांची नजर रस्त्यावर, आणि गप्प बसलं तरी पावलांचा आवाज असतोच. आता ते गार्डच्या पाळीसाठी स्वतःहून नाव देतात.

थंडीत अंधार फार, म्हणून सगळ्यांनी चमकणारे पट्टे घेतले आणि फुटपाथ नाही तिथे समोरून गाड्या येतात त्या बाजूने एका ओळीत चालायचं ठरलं. एका ओळीत चालताना गप्पा होत नाहीत म्हणून तो नियम रोज मोडतो आणि रोज कुणीतरी ओरडतं.

फेब्रुवारीत वर्ष झालं. वहीत रोजची हजेरी मी लिहिते, सरासरी सात जण. माझे २१९ दिवस भरले, आजोबांचे २९८. त्यांच्यापुढे कुणीच नाही, काका सुद्धा २७० वर. टेस्ट ५.८ आली, पण रात्रीचं जेवण पण लवकर केलं होतं मी वर्षभर, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देत नाही. टाच अजून थंडीत कधीकधी आठवण करून देते.

परवा एक नवीन मुलगी आली, पहिल्याच दिवशी काकांच्या मागे सुटली आणि खांबापाशी वाकून उभी राहिली. उद्यापासून मागे ये म्हटलं, गार्ड मीच आहे या आठवड्यात. आजोबांसाठी नवे मोजे आणलेत, सुती नाहीत, बघू घालतात का.