ट्रॅव्हलर कॅम्पर, महिना दहावा : यादीतून काय उरलं

गेल्या जूनमध्ये आत झोपता-राहता येईल असा कॅम्पर बनवायला गाडी घेतली तेव्हा तिच्यात बसवायच्या 23 गोष्टी माझ्या वहीत लिहिलेल्या होत्या. शॉवर, मायक्रोवेव्ह, टीव्ही, छतावरचा एसी, इंडक्शन, फिरती खुर्ची, सगळं. आज एप्रिलमध्ये त्यातल्या नऊ उरल्या आहेत आणि दोन अशा आल्या आहेत ज्या वहीत कधी नव्हत्याच.

गाडी 3350 मिमी व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) सेकंडहँड फोर्स ट्रॅव्हलर. अंबड एमआयडीसीत कामगारांची ने-आण करायची. उभं राहता येतं, म्हणूनच ती निवडली. पाठदुखीवाल्याला वाकून कपडे बदलणं जमत नाही. सीट काढण्याआधी आरटीओत जाऊन आलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल परस्पर करता येत नाही, आणि बैठकक्षमता हा त्यातलाच तपशील. आधी मंजुरी, मग पाना. ज्यांची गाडी अजून सीटसकट उभी आहे त्यांनी हे काम पहिलं उरकावं.

पहिले सहा महिने मी एकही कपाट बसवलं नाही. नियम एकच ठेवला होता, रिकाम्या गाडीत गादी टाकून झोपायचं आणि रात्री कशासाठी उठावं लागलं ते सकाळी लिहायचं. नाशिकला राहण्याचा यात मोठा फायदा आहे. तासाभराच्या अंतरावर पाऊस, थंडी, ऊन तिन्ही कडक मिळतात.

जुलैत अंजनेरीच्या पायथ्याशी झोपलो. बाहेर संततधार, म्हणून खिडक्या गच्च बंद. पहाटे चारला कपाळावर थेंब पडला. छत गळतंय असं वाटून टॉर्च घेऊन सगळे सांधे चाचपले, तर बाहेरून कुठेच पाणी नव्हतं. माझ्या आणि बायकोच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमून खाली ठिबकत होती. मी तोवर समजत होतो की इन्सुलेशन (पत्र्याच्या आतला थंडी-उष्णता अडवणारा थर) जाड केलं की हा प्रश्न मिटला. तसं नाही. इन्सुलेशनमुळे पत्रा कमी थंड लागतो, पण वाफ बाहेर जायला वाट लागतेच. छतावरचा पंखा यादीत चौदावा होता, तो त्या सकाळी पहिला झाला.

जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरला, चापडगावच्या बाजूला, एका शेतकऱ्याच्या खळ्यात परवानगीने गाडी लावली. पक्षी बघायला गेलो होतो (रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत स्थान, मिळालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ, अजून गेला नसाल तर जाच). निफाडची थंडी काय असते हे द्राक्षवाल्यांना विचारा, बागेत शेकोट्या पेटवून रात्री काढतात. आम्हाला वाटलं होतं हीटर लागेल. लागला नाही. जाड रजई पुरली. त्रास दिला तो जमिनीने, पत्र्याच्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. म्हणून हीटर वहीतून गेला आणि फरशीखाली नायट्राइल रबरची शीट आली.

ही शीट एसीच्या डक्टवर गुंडाळतात तीच काळी, बंद छिद्रांची. पाणी पीत नाही. ग्लासवूल स्वस्त पडतं, पण एकदा ओलं झालं की पत्र्याच्या आत गोळा होऊन बसतं आणि गंज सुरू. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणाऱ्या गाडीत मी तरी ते कधीच घालणार नाही. भिंतींना 19 मिमी शीट आणि वर 6 मिमी प्लाय.

इथे एक चूक सांगतो. पलंग आडवा ठरवला होता आणि रुंदी मोजली होती उघड्या पत्र्यापासून पत्र्यापर्यंत. शीट आणि प्लाय मिळून एका बाजूला 25 मिमी, दोन्ही बाजूंचे मिळून 5 सेंटिमीटर गेले. मी आडवा झालो तर डोकं आणि टाचा दोन्ही टेकले. केलेली फ्रेम कापून पलंग लांबीत फिरवावा लागला. सातपूरच्या फॅब्रिकेटरने फ्रेम वेल्डिंगऐवजी बोल्टची करायला लावली होती, त्यामुळे काम एका दिवसात निभावलं. तो तेव्हा म्हणाला होता, "दादा, तुमचं मन बदलणार, बोल्टच टाका." पलंगाला सलग प्लाय न टाकता फटी ठेवून फळ्या टाकल्यात आणि वर काथ्याची गादी. खालून हवा खेळली नाही तर एका पावसाळ्यात गादीला बुरशी येते.

आता वीज. मी दोन रविवार घालवले ते इथेच. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, 12.8 व्होल्ट, 100 अँपियर-तास, म्हणजे 1280 वॉट-तास. माझा रोजचा खर्च असा धरला: फ्रिजचा कॉम्प्रेसर 45 वॉट, उन्हाळ्यात दिवसातला निम्मा वेळ चालतो असं मानलं तर 540 वॉट-तास. छतावरचा पंखा 25 वॉट, आठ तास, 200. दिवे 50. फोन आणि कॅमेरा 60. बेरीज 850. दीड दिवस निघतो. आता याच बॅटरीवर हजार वॉटचा एसी रात्री सहा तास चालवायचा तर 6000 वॉट-तास लागतील, म्हणजे जवळजवळ पाच बॅटऱ्या, त्यांचं वजन आणि पैसे वेगळेच. 1500 वॉटची इंडक्शन अर्धा तास लावली की निम्म्याहून जास्त बॅटरी संपली. हा हिशेब कागदावर मांडल्याबरोबर एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि मोठा इन्व्हर्टर एकदम खोडले गेले.

सोलरवरही भरवसा ठेवला नाही. आमचं फिरणं जास्त पावसाळ्यात आणि ढगाखाली पॅनल फार काही देत नाही. त्याऐवजी गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) 30 अँपियरचा डीसी-डीसी चार्जर, जो ठरावीक करंटनेच बॅटरी भरतो. तासभर गाडी चालली की 30 अँपियर-तास, बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडू नका, ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो. आणि फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी चिकटून. फ्यूज वायरला वाचवतो, उपकरणाला नव्हे.

फ्रिज पहिल्या आठवड्यात सारखा बंद पडायचा. बॅटरी भरलेली, तरी बंद. दोष वायरचा निघाला. मी 1 चौरस मिमीची वायर टाकली होती, बॅटरीपासून फ्रिजपर्यंत चार मीटर, जाऊन-येऊन आठ. पाच अँपियरला पाऊण व्होल्टच्या आसपास वाटेतच जात होता आणि फ्रिज बॅटरी उतरली समजून थांबत होता. 2.5 ची वायर टाकली, प्रश्न संपला.

छताला 14 इंची चौकोन कापायचा दिवस मी चार वेळा पुढे ढकलला. शेवटी छताच्या दोन रिबांच्या (पत्र्याखालच्या आधारपट्ट्यांच्या) मधली जागा आतून भोक पाडून पक्की केली आणि जिगसॉ (विजेची छोटी करवत) चालवला. कापलेल्या कडांना प्राइमर, मग ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट पट्टी), मग फ्रेम, वरून सीलंट. अर्धा तास पाइपने पाणी मारलं, आत वर्तमानपत्र अंथरून. कागद कोरडा. मार्चअखेर मालेगावकडे एक रात्र काढली. संध्याकाळी गाडी भट्टी झाली होती, पण पंखा हवा बाहेर फेकायला लावून मागची एकच खिडकी उघडी ठेवली आणि दहाच्या सुमारास चादर अंगावर घेतली.

स्वयंपाक मागच्या दाराबाहेर, ओढून काढायच्या फळीवर. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर फरशीवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक आहे. पाण्याला 20 लिटरचा एक नको, 10 चे दोन कॅन घ्या, भरलेला कॅन हापशापासून उचलून आणायचा असतो.

आणि त्या दोन न लिहिलेल्या गोष्टी. पहिली पोर्टेबल टॉयलेट. मला गरज वाटली नव्हती, बायकोने अंजनेरीच्या पावसात अंधारात एकदा उतरून पाहिलं आणि विषय संपवला. दुसरी, पायरी. आईला नांदुरी गावापर्यंत घेऊन गेलो होतो, सप्तशृंगीला. उतरताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "बाळा, इथून पाय कुठे ठेवू?" मी दहा महिने बॅटरीचे आकडे मांडत होतो आणि सगळ्यात जास्त वेळा चढायची-उतरायची ती जागाच राहिली होती. आता घडीची लोखंडी पायरी आणि दाराच्या आत उभा हँडल लागलाय. परवा ती गाडीत हात न धरता चढली, आत फिरून आली, फ्रिज उघडून पाहिला आणि पलंगावर बसून विचारलं, पुढचा बेत कधी.

जूनआधी उरलेलं काम : मागच्या दाराचं रबर बदलणं आणि ताडपत्रीच्या छपराची पाइपफ्रेम. छपराला हाताने गुंडाळायची यंत्रणा घ्यावी की साधे बांबू आणि दोऱ्या, यावर अडलोय. कोणी घाटातल्या वाऱ्यात दोन्ही वापरलं असेल तर सांगा.