चढा गंधार

परवा भर दुपारी बाजाची पेटी आणायला गेलो, तर कारागिराचं काम अजून चाललेलंच. पितळेच्या पत्तीचं टोक पात्याने हलकेच खरवडायचं, भात्यावर वाजवून बघायचं, पुन्हा खरवडायचं. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. मला अप्पा, माझे आजोबा, आठवले.

अप्पा झोपाळ्यावर सुपारी कातरत बसायचे आणि मी सारेगम वाजवायला घेतली की तिसऱ्या सुरावर अडकित्ता थांबायचा. "चढा!" मी रडकुंडीला. "तुझा दोष नाही रे, पेटीचा गंधार चढाच." मग तंबोरा काढून खर्जाची तार छेडायचे. तिच्यातून आपसूक उमटणारा गंधार मला कितीतरी दिवस ऐकूच येईना. ऐकू आला आणि पेटीची गोडी कायमची गेली.

अप्पांचं आणि गॉटफ्रीड झिलबरमानचं छान जमलं असतं. १६८३ साली सॅक्सनीत जन्मलेला सुताराचा हा मुलगा स्ट्रासबूर्गला थोरल्या भावाच्या हाताखाली नळ्यांचे ऑर्गन बांधायला शिकला आणि परतून फ्रायबेर्ग या चांदीच्या खाणींच्या गावात कारखाना थाटून बसला. तिथल्या कॅथीड्रलमधला त्याचा १७१४ चा ऑर्गन अजून वाजतो. अडीच हजारांवर नळ्या! धातूच्या उघड्या नळीचं तोंड किंचित फाकवलं की सूर चढतो, मिटवलं की उतरतो. म्हणजे इथेही खरवडण्याचेच भाऊबंद. नेहमीच्या पट्ट्यांतले, म्हणजे 'सा' नेहमी जिथे धरला जाई तिथले, गंधार तो आपल्या पेटीपेक्षा शुद्धाच्या पुष्कळ जवळ ठेवी आणि सगळा बेसूरपणा क्वचित लागणाऱ्या पट्ट्यांत लोटून देई. तिथे जे केकाटे, त्याला 'लांडगा' म्हणत. माणूस हट्टी. त्याने पियानोही केले. थोर संगीतकार बाखने त्यांना नावं ठेवली, वरचे सूर दुबळे, बोटांखालच्या पट्ट्या जड. तर हा बराच काळ रुसला. पण मग गुपचूप सुधारणा करत बसला, आणि बाखची शाबासकी मिळाल्यावरच थांबला.

मी कारागिराला भीत भीत विचारलं, "गंधार जरासा उतरवून द्याल?"

त्याने मान वरही केली नाही. "देतो की. पांढरी एक या पट्टीत गोड लागेल. उद्या पट्टी बदललीत की माझ्या नावाने शंख कराल."

मी गाणार कधी आणि पट्टी बदलणार कधी! तरी पेटी तशीच घेऊन आलो.