आकृती पाहा

आपण नेमके कशासाठी जगतोय, हा प्रश्न निवृत्तीनंतर पडतो म्हणतात. मला तो नोकरीत असतानाच पडला होता. हिशेब तपासणं हे माझं काम. आकडे जुळले की बरं वाटायचं, पण ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंतही टिकत नसे. मग ध्यान केलं, शिबिरं केली. एका वहीच्या पहिल्या पानावर ‘मला आयुष्यात काय हवंय?’ असं लिहून पुढची पानं भरत राहिलो. सगळ्या पानांवर मी, माझं, मला.

त्याच दिवसांत व्हिक्टर फ्रँकल वाचले. व्हिएन्नाचे हे ज्यू मनोविकारतज्ज्ञ 1942 मध्ये नाझींच्या छावणीत गेले आणि 1945 मध्ये सुटले. मधल्या काळात आई, वडील, भाऊ, पत्नी सगळे गेले. कोटात लपवून नेलेलं हस्तलिखितही ऑशविट्झमध्ये गेलं. शेवटच्या छावणीत टायफसच्या तापात ते त्या हस्तलिखिताचे मुद्दे आठवून आठवून कागदाच्या कपट्यांवर उतरवत होते. त्यांचं म्हणणं असं, की आयुष्याला अर्थ विचारत बसू नका. विचारणारं आयुष्य आहे, उत्तर तुम्ही द्यायचंय, आणि तेही कृतीतून.

फ्रँकल यांचं नाव निघालं की लोक दुःखाबद्दलच बोलतात, याचं मला वाईट वाटतं. अर्थ सापडण्याच्या वाटा त्यांनी तीन सांगितल्या: हातून घडणारं काम, कुणावरचं प्रेम किंवा एखादा उत्कट अनुभव, आणि जे दुःख टळतच नाही त्याला सामोरं जाण्याची आपली रीत. टाळता येण्यासारखं दुःख सोसत बसण्यात त्यांना काहीच थोर वाटत नव्हतं. मला पहिली वाट जवळची वाटली.

पण माझ्याकडे मागणी आली ती अगदी साधी. ओळखीतली एक मुलगी फिजिओथेरपी शिकते. तिला दिसत नाही. “काका, संगणक मजकूर वाचून दाखवतो, पण ‘आकृती पाहा’ म्हटलं की गप्प होतो. तेवढं तुम्ही सांगाल का?”

पहिलीच आकृती हृदयाची होती. मी सुरुवात केली, “डावीकडे वर एक कप्पा आहे...” तिने लगेच अडवलं. “कुणाच्या डावीकडे?” चित्रातलं हृदय समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं, कागदावर जे डावीकडे दिसतं, ते शरीरात उजवीकडे असतं. डोळ्यांनी पाहणाऱ्याला याचा विचारही करावा लागत नाही. मग ठरवलं, कागद विसरायचा. तिने तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि मी तिच्या उजव्या बाजूपासून निघालो: शरीरभरचं रक्त आधी इथे येतं, झडपेतून खाली उतरतं, तिथून फुप्फुसांकडे जातं, डाव्या बाजूला परततं. तिने तोच मार्ग मला उलट म्हणून दाखवला, एकही कप्पा न चुकता. मला इतका आनंद झाला की काही वेळ पुढचं पान उलटायचं सुचलं नाही.

प्रश्न कायमचा मिटला असं मी म्हणणार नाही. रिकाम्या दुपारी तो अजूनही येतो. पण ‘मी कोण, कशासाठी’ यापेक्षा ‘हे तिला कसं सांगू’ हा प्रश्न मला जास्त जागं ठेवतो, आणि त्याला उत्तर असतं.

सध्या मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर अडलोय. मुळं 5, त्यांची खोडं 3, मग फाटे 6, ते जुळून पुन्हा दोर 3, आणि शेवटी मुख्य शाखा 5. कोण कुठे फुटतं, कोण कुणाला मिळतं, हे एका दमात बोलून कळणारं नाही. म्हणून दोनदा ध्वनिमुद्रण करायचं ठरवलंय: एकदा मानेकडून बोटांकडे, आणि एकदा बोटांकडून मानेकडे. रुग्णाची करंगळी बधिर झाली तर त्या मुलीला दुसऱ्या वाटेनेच वर जावं लागणार आहे.