सोडायचा श्वास

पाहुणे आले की मी त्यांना ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर नेतो, आणि तेही ग्वालियर दरवाजाकडून, पायी. उरवाई दरवाजाच्या बाजूने गाडी थेट वर जाते हे मी मुद्दाम उतरताना सांगतो. गूजरी महालापासून सुरू होणारा तो चढ चांगलाच अंगावर येतो. वाटेत कड्यातच कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या नवव्या शतकातल्या शिलालेखात आकड्यांत लिहिलेलं फार जुनं शून्य आहे: २७० हात लांबीची बाग, देवाला रोज ५० हार. लोक ते शून्य बघायला कुठून कुठून येतात. मी तिथे थांबतो तो खरं म्हणजे दम खायला. पाहुणे वाकून शून्य शोधतात, तेवढ्यात माझी छाती जाग्यावर येते. घरात कुणाला हे ठाऊक नाही.

गेल्या रविवारी भाचा बरोबर होता, वय १९. त्याच दिवशी सकाळी मी पलंगावर पडल्या पडल्या स्वतःचे श्वास मोजायला घेतले होते. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. मोजायला लागलं की श्वास नव्या सुनेसारखा अवघडतो, उगाच लांब होतो. शेवटी मिनिटाला १४ असा आकडा मी पदरात पाडून घेतला. निवांत बसलेल्या माणसाचे १२ ते १६ असतात, तेव्हा ठीक. एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा. त्यातली १५० मिलीलीटर तर नाक-नळीतच फिरून परतते, कामाची जागा बघतसुद्धा नाही.

पण मला गंमत वाटते ती श्वासाच्या दुसऱ्या भागाची, सोडण्याची. श्वास आत घेताना छाती-पोटामधला पडदा आकसून खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात; म्हणजे थोडीफार मेहनत आहे. सोडताना काहीच नाही. ताणलेलं फुप्फुस आपणहून आकसतं आणि हवा बाहेर पडते. झोका मागे ओढायला जोर लागतो, परत तो आपला येतो, तसं. दिवसातून वीस हजारांच्या आसपास वेळा हे फुकटात होतं.

चढावर ही फुकटेगिरी बंद. पहिली चार पावलं टाकली की श्वास वाढतो, रक्तात अजून काही बदललेलंही नसतं तेव्हा. मेंदू पायांना निरोप धाडतो, त्याचीच नक्कल श्वासाच्या केंद्राकडे जाते म्हणतात. मग पाय खरोखर राबू लागतात, कार्बन डायऑक्साइड साठू लागतो, आणि तो बाहेर काढायची घाई सुरू होते. आपल्याला वाटतं, हवा पुरत नाही. पण धडधाकट माणसाचं रक्त या चढावरही ऑक्सिजनने जवळपास काठोकाठ भरलेलं असतं. तगादा असतो तो मुख्यतः घाण बाहेर टाकण्याचा. आता बाहेर सोडणंही कामच होतं: पोटाचे स्नायू आवळून हवा ढकलावी लागते. मैदानावरच्या पट्टीच्या खेळाडूंची मिनिटाला शंभर लिटरांच्या वर हवा आतबाहेर होते. माझी किती होते ते विचारू नका, आवाज मात्र शंभर लिटरांचा असतो.

आत्या गाणं शिकलेली. ती या सगळ्याला एकच शब्द वापरायची, दमसास. मला शिकवायचा तिने दोन पावसाळे प्रयत्न केला. माझ्या बरगड्यांवर तळहात ठेवून म्हणायची, "पिंजरा लगेच पाडू नकोस रे, हळू, हळू उतरू दे." पुढे कळलं, गाताना श्वास घेणारेच स्नायू ब्रेकसारखे दाबून धरायचे असतात, म्हणजे छाती एकदम रिकामी होत नाही. घरी फुकट, किल्ल्यावर ढकलायचा आणि आत्याकडे अडवून ठेवायचा, असा हा एकच सोडता श्वास. मला तिसरा प्रकार कधी जमला नाही. दुसऱ्या ओळीला माझा पिंजरा धाडकन खाली.

तिच्याकडूनच हस्सू खाँसाहेबांची गोष्ट ऐकलेली. गाण्यातल्या ग्वाल्हेर घराण्याच्या आदिपुरुषांपैकी एक. आपल्या गायक वासुदेवबुवा जोशांचे गुरू. भर दरबारात एकाच दमात घ्यायची अवघड तान त्यांनी घेतली, ती पुन्हा घ्यायला लावली, आणि बरगडी मोडून रक्त आलं, असं सांगतात. दंतकथा असेल. पण जोराच्या खोकल्याने बरगडी मोडते हे डॉक्टरही मानतात, तेव्हा मी ती गोष्ट अगदीच उडवून लावत नाही. आत्या मात्र ती सांगताना दर वेळी माझ्याकडे बघून म्हणायची, "तुला ती भीती नाही."

तर मंदिराशी आम्ही थांबलो. भाचा मोबाइल काढून शून्याचा फोटो घेत होता. माझ्या मनात आलं, याला सांगावं की फुप्फुसाचा हिशोब मात्र शून्यावर कधीच येत नाही. पोट पाठीला लागेतो श्वास सोडला तरी लिटरभर, सव्वा लिटर हवा आत उरतेच. चांगलं वाक्य सुचलं होतं. "हे बघ," मी म्हटलं, "आपण कितीही... श्वास... सोडला..."

बोलणंही सोडत्या श्वासावरच चालतं, हे त्या क्षणी ध्यानात आलं. तीन शब्दांपुढे गाडी जाईना.

"मामा, तू आधी दम खा," तो म्हणाला. "मग सांग."

आणि खिशात हात घालून, शीळ वाजवत, पुढच्या दरवाजाकडे चढू लागला.