चेक इंजिनचा दिवा आणि पेट्रोलच्या वाफेची गळती

गाडी व्यवस्थित चालत होती, ॲव्हरेजही घटले नव्हते, तरी चेक इंजिनचा पिवळा दिवा विझत नव्हता. सोलापुरातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी स्कॅनर लावला, तेव्हा पी ०४४२ हा कोड निघाला. टाकीतील पेट्रोलची वाफ हवेत न सोडता कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठवायची आणि नंतर पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनात ओढून जाळायची, अशी जी बंदिस्त व्यवस्था असते, तिच्यात साधारण १ मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळती असल्याचे हा कोड सांगतो. आपल्याकडच्या सगळ्याच गाड्या ही गळती तपासत नाहीत, माझी तपासते.

“टाकीचं झाकण बदला साहेब, बहुतेक वेळा तेच असतं,” मिस्त्री म्हणाले. सल्ला चुकीचा नव्हता. पण झाकणाच्या रबरी कड्यावरून बोट फिरवले, तर ते मऊ होते आणि कुठे चीरही नव्हती. अंदाजाने एकेक भाग बदलत बसण्यापेक्षा धुराची चाचणी स्वस्त पडते, असे माझे मत असल्यामुळे मी तिचाच आग्रह धरला.

इंजिन बंद ठेवून, कॅनिस्टरला बाहेरच्या हवेशी जोडणारा व्हेंट व्हॉल्व्ह स्कॅनरवरून मिटवून, १ पीएसआयपेक्षाही कमी दाबाने यंत्रातला धूर नळ्यांमध्ये सोडला. (येथे कॉम्प्रेसरची हवा वापरणे धोक्याचे, कारण जास्त दाबाने टाकी किंवा नळ्यांचे नुकसान होऊ शकते.) वाऱ्याने धूर विरून जाऊ नये म्हणून त्या उकाड्यातही पंखा बंद करावा लागला. बराच वेळ काहीच दिसेना. मग मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, कॅनिस्टरकडे जाणाऱ्या रबरी पाइपवर बॅटरीचा झोत तिरपा धरला, तेव्हा क्लिपच्या कडेला दोऱ्याएवढी धुराची रेघ वर चढताना दिसली. पाइप वाकवला तरच ती चीर उघडत होती.

पाइप बदलून कोड पुसला आणि दिवा गेला. परंतु कोड पुसल्यावर तो जातोच, त्यावरून दुरुस्तीची खात्री होत नाही. गाडीने स्वतःची चाचणी पुन्हा करायला हवी, आणि त्यासाठी टाकी काठोकाठ भरलेली किंवा रिकामी नको, इंजिन रात्रभर थंड झालेले हवे, बाहेरची हवाही फार तापलेली नको. मे महिन्यात सोलापूरचा पारा दुपारी ४० अंशांपुढे जातो, तेव्हा ती चाचणी सुरूच होत नाही. म्हणून टाकी निम्मी ठेवून भल्या पहाटे अक्कलकोट रस्त्याला एका वेगात गाडी चालवत राहिलो. पुढे स्कॅनरवर वाफेच्या चाचणीसमोर ‘पूर्ण’ अशी नोंद आली, प्रलंबित कोडही (दिवा लागण्याआधी नोंदला जाणारा) नव्हता, आणि मगच मी मिस्त्रींना काम झाल्याचे कळवले.